कॅनॉपी उघडून दोन हजार फुटांवर: एर्कूप विमानातील एका तासाचे परीक्षण

ओझरच्या विमान कारखान्यात माझी बहुतेक नोकरी एकाच कामात गेली. मिग-२१ ची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण, पुरते हवाबंद बसते की नाही हे मी तपासत असे. या कॅनॉपीच्या कडेने रबराची एक पोकळ नळी फिरवलेली असते. झाकण बसले की त्या नळीत हवा भरली जाते, ती फुगते आणि फट बुजते. मग कॉकपिटमध्ये दाबाची हवा भरायची, घड्याळ लावायचे आणि दाबमापकाचा काटा किती वेळात किती उतरतो ते पाहायचे. काटा ठरल्यापेक्षा लवकर उतरला, तर गळती सापडेपर्यंत ते विमान आमच्या शॉपमधून पुढे सरकत नसे. ज्याने इतकी वर्षे झाकण बंद राहावे म्हणून डोळ्यांत तेल घालून काम केले, त्याने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी चालत्या विमानाची कॅनॉपी स्वतःच्या हाताने उघडली. तो एक तास कसा गेला, त्यासाठी मोजलेले पैसे सार्थकी लागले का, आणि नाशिकहून मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या ज्येष्ठांनी हा अनुभव घ्यावा का, हे सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा डावा पाय कॅलिपरशिवाय, म्हणजे पायाला बांधलेल्या धातूच्या आधाराशिवाय, उभा राहत नाही. ओझरला मी पंचवटीतून बाजूची चाके लावलेल्या स्कूटरवर जात असे. विमानांच्या इतक्या जवळ राहूनही विमान चालवण्याचा विचार मी कधी मनात आणला नव्हता, कारण साध्या विमानात रडरसाठी, म्हणजे शेपटीवरच्या नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीसाठी, दोन्ही पायांखाली पेडल असतात आणि पाय चालले नाहीत तर विमान नीट वळत नाही. मुलाने ओहायोहून फोनवर सांगितले, "बाबा, इथे एक जुने विमान आहे, त्याला पायाची पेडलच नाहीत," तेव्हा मी त्याला दोनदा विचारले की तू नीट पाहिलेस का. त्याने बरोबरच पाहिले होते. ते विमान एर्कूप होते.

एर्कूपची कहाणी विमानाच्या व्यवसायातील माणसांनाही आपल्याकडे फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडी सांगतो. फ्रेड वाइक हे 'नाका' (NACA) या अमेरिकेच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत काम केलेले अभियंते. सामान्य माणसाला मोटारीइतक्या सहजपणे आणि मोटारीपेक्षा सुरक्षितपणे चालवता येईल असे विमान कसे असावे, या एका प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला. पुढे ते मेरीलँडमधील रिव्हरडेल येथील इंजिनिअरिंग अँड रिसर्च कॉर्पोरेशन, म्हणजेच एर्को, या कंपनीत गेले आणि तेथे हे विमान आकाराला आले. विमानाचा वेग फार कमी झाला की पंखांवरचा प्रवाह तुटतो, आणि त्याच वेळी चुकीचा रडर दिला तर विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. याला स्पिन म्हणतात आणि त्या काळी नवशिक्यांचे पुष्कळ बळी त्यानेच घेतले. वाइक यांनी रडर चाकाशी जोडून टाकला, म्हणजे हातातले चाक फिरवले की एलरॉन (विमान एका बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आणि रडर एकत्रच हलतात. शिवाय शेपटीचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी, वर किती जाऊ शकेल यालाही मर्यादा घातली, त्यामुळे चाक कितीही मागे ओढले तरी विमान पुरते स्टॉल होत नाही, म्हणजे पंखांवरचा प्रवाह पुरता तुटत नाही. १९४० साली अमेरिकी सरकारने या विमानाला, ते स्वभावतःच स्पिनमध्ये जाऊ शकत नाही, अशा शब्दांत प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र मिळालेले हे पहिले विमान होते.

युद्ध संपल्यावर एर्कूपची विक्री मेसीजसारख्या मोठ्या दुकानांतूनही झाली. १९४६ या एका वर्षात चार हजारांहून अधिक विमाने तयार झाली. पण घरोघरी विमान येईल ही अपेक्षा खोटी ठरली, मागणी कोसळली आणि पुढे हे डिझाइन या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत १९७० पर्यंत कसेबसे टिकले. पेडल नसल्यामुळे, ज्यांचे पाय निकामी झाले होते अशा अनेकांना मात्र या विमानाने आकाश मोकळे केले, आणि माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी कमाई तीच आहे.

आता सेवेबद्दल. ज्या शाळेत मी उड्डाण केले ती ओहायोतील एका लहान धावपट्टीवर आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तिच्याविषयी दोन तक्रारीही लिहायच्या आहेत. एका प्रशिक्षकाबरोबर एक तासाच्या परिचय उड्डाणाचे १९० डॉलर मोजले. मुलाने फोनवर वेळ घेतली तेव्हा माझे नाव, वय आणि पायाची अडचण विचारली गेली, पण वजन विचारले गेले नाही. इतक्या हलक्या विमानात हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा होता. या विमानाचे भरलेले कमाल वजन १,२६० पौंड आहे. त्यातून रिकाम्या विमानाचे ८०० पौंड आणि भरलेल्या टाक्यांतील २४ गॅलन पेट्रोलचे १४४ पौंड वजा केले की उरतात ३१६ पौंड, म्हणजे दोन माणसांसाठी जेमतेम १४३ किलो. माझे वजन ७६ किलो, आणि मला घेऊन जाण्यासाठी उभे असलेले प्रशिक्षक चांगले उंचेपुरे, ९२ किलोंचे! टाक्या आदल्या संध्याकाळीच काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. तराजूचा काटा पाहून त्यांनी स्वतःच नकार दिला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला; पण हलक्या वजनाच्या दुसऱ्या प्रशिक्षिका घरून येईपर्यंत आम्हाला तासभर बाकावर बसावे लागले. पूर्वसूचना असती तर आदल्या दिवशी टाक्या अर्ध्याच भरता आल्या असत्या.

तो तास मी विमानाभोवती फिरण्यात घालवला, आणि सवयीप्रमाणे आधी कॅनॉपीच पाहिली. एर्कूपची कॅनॉपी मिगसारखी बिजागरीवर उघडत नाही. दोन्ही बाजूंना प्लेक्सिग्लासचे एकेक वक्र तावदान असते. वर ओढले की दोन्ही तावदाने डोक्यावर येऊन मिळतात, आणि खाली ढकलले की खाचेतून घसरत विमानाच्या कुशीत उतरतात, जशी जुन्या एसटीच्या खिडकीची काच खाली सरकत असे. खाचेत मऊ नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाची, पट्टी होती. रबराची नळी नाही, दाबाची हवा नाही, गळतीची परीक्षा नाही. डाव्या तावदानाच्या खालच्या कोपऱ्यात जुन्या प्लेक्सिग्लासला पडतात तशा केसासारख्या बारीक रेषा मला दिसल्या आणि मी त्या दाखवल्या. तेथील मेकॅनिकने मला आपली नोंदवही उघडून त्याच रेषांची आधीची नोंद आणि मोजमाप दाखवले. ही नोंद पाहिल्यावर या शाळेत बसायला हरकत नाही असे मी मनाशी ठरवले. धड धातूचे, पंखांवर कापड, ७५ अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन, पुढे एक आणि मागे दोन अशी तीन चाके, आणि शेपटीवर दोन रडर, पंख्याचा झोत दोघांच्या मधून निघून जावा म्हणून दोन कडांना बसवलेले. ऐंशी वर्षांच्या वयाला शोभेल इतकी निगा राखलेली होती.

चढण्याविषयी नीट सांगतो, कारण गुडघे दुखणाऱ्यांना नेमके हेच हवे असेल. पंख खाली असल्याने मागच्या बाजूने पंखावर पाय ठेवायचा, दोन पावले पुढे यायचे, आणि कॅनॉपीची तावदाने खाली असल्याने बाजूची कड ओलांडून आत पाय टाकायचा. मी पंखावरच बसलो, कॅलिपरचा पाय हातांनी उचलून आत ठेवला आणि मग सरकत जागेवर आलो. प्रशिक्षिकेने हात लावण्यापूर्वी विचारले, आणि मी नको म्हटल्यावर ती फक्त जवळ उभी राहिली. अशी वागणूक विकत मिळत नाही. आत जागा अरुंद आहे, खांद्याला खांदा लागतो. पायाखाली फक्त ब्रेकचे एकच पेडल होते, ते उजव्या पायाला पुरे. जमिनीवर विमान वळवायचेही हातातल्या चाकानेच.

इंजिनावरच्या टोपणातून एक तार वर आलेली दिसते. तिच्या खालच्या टोकाला बूच आहे आणि ते छोट्या टाकीतील पेट्रोलवर तरंगते. पंप पंखांतील टाक्यांमधून पेट्रोल वर आणून ही टाकी भरलेली ठेवतो आणि तेथून ते नुसत्या उतारानेच इंजिनाला मिळते. तार खाली बसू लागली तर समजायचे की पंखांतील पेट्रोल संपले किंवा पंप थांबला, आणि आता छोट्या टाकीत आहे तेवढ्यातच उतरायचे आहे. इतके सरळ, डोळ्यांसमोर उभे असलेले उपकरण मी अनेक वर्षांत पाहिले नव्हते.

उड्डाण करताना कॅनॉपी बंद ठेवण्याची प्रशिक्षिकेची पद्धत होती. दोन हजार फुटांवर विमान सरळ झाल्यावर तिने इंजिन थोडे मंद केले, आपल्या बाजूचे तावदान खाली घेतले आणि मला खूण केली. माझा हात मूठ धरून क्षणभर थांबला. चालत्या विमानात झाकण निसटणे हा आमच्या कामातला सर्वांत मोठा अपघात. त्याच्या भीतीने मी किती रात्री पुन्हा शॉपमध्ये जाऊन कुलपे तपासली आहेत! मग मी मूठ खाली ओढली. तावदान घरंगळत आत गेले आणि डावीकडे, खांद्यापासून क्षितिजापर्यंत, मध्ये काहीही उरले नाही.

वाऱ्याचा लोट तोंडावर येईल अशी माझी समजूत होती, ती चुकीची निघाली. पुढची काच वारा वरून आणि बाजूंनी वळवते, आणि तो वळसा घेऊन मागून मानेवर येतो, त्यामुळे केस पुढच्या बाजूला उडतात. हात कडेच्या बाहेर काढला की मात्र ताशी दीडशे किलोमीटर म्हणजे काय ते कळते. तळवा उभा धरला तर कोपर मागे ढकलले जाते, आडवा धरला तर तळव्याखाली काहीतरी घट्ट आल्यासारखे वाटते, आणि पंख कशाच्या आधाराने तरंगतो हे त्या क्षणी हाताला समजते. मी आयुष्यभर विमानात काम केले, पण विमानाला उचलणारी हवा हाताने चाचपून पाहिली ती तेव्हाच.

दुसरी गोष्ट वासाची. खाली कापणीला आलेल्या मक्याची पिवळी शेते आणि सोयाबीनचे चौकोन होते, आणि एका गोठ्यावरून जाताना शेणखताचा वास इतका स्पष्ट आला की मला दिंडोरी रस्ता आठवला. नदी ओलांडताना हवा एकदम गार झाली, नांगरलेल्या काळ्या रानावर येताच खालून धक्का बसून विमान हातभर वर उचलले गेले. बंद कॅनॉपीत हे सारे आकड्यांतून कळते. उघड्या कॅनॉपीत वेग वाऱ्याच्या सुरावरून कळतो; नाक खाली गेले की सूर चढतो, वर गेले की उतरतो, आणि पंधरा मिनिटांत माझे डोळे वेगमापकाकडे जायचे थांबले.

थंडीचे म्हणाल तर जमिनीवर चौदा अंश होते, वर त्याहून तीन-चार अंश कमी असावेत, आणि त्यावर हा वारा. निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे ज्याने दुचाकी चालवली आहे त्याला ती सोसेल, पण तयारीनेच जावे. सौभाग्यवतींनी निघताना, "अहो, कानटोपी घेतल्याशिवाय जाऊ नका," असे बजावले होते. हेडसेट डोक्यावर आला तरी तीच कानटोपी गळ्याभोवती गुंडाळली आणि मानेवर येणारा वारा तिने अडवला.

मग चाक माझ्या हातात आले. मी डावीकडे चाक फिरवले, पंख झुकला, नाक वळले, आणि विमान वळणात घसरते का हे दाखवणाऱ्या वाकड्या काचनळीतील गोळी मध्यावरून हलली नाही. साध्या विमानात ती गोळी मध्यावर ठेवण्यासाठी पाय अचूक लागतात. माझा डावा पाय कॅलिपरमध्ये स्वस्थ पसरलेला होता आणि वळण अचूक होत होते. मी चार वळणे डावीकडे घेतली, चार उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी त्या गोळीकडे पाहिले. या आठ वळणांसाठी मी १९० डॉलर पुन्हा देईन.

प्रशिक्षिकेने एक प्रयोगही करून दाखवला. इंजिन मंद, चाक पोटापर्यंत मागे. दुसरे विमान अशा वेळी नाक टाकते. एर्कूपने नाक जरा हलवले आणि ते पसरटपणे खाली बसत राहिले, आणि चाक फिरवताच त्या अवस्थेतही वळले. पण ती लगेच म्हणाली की या भल्या स्वभावावर विसंबून जमिनीजवळ वेग कमी करू नये, कारण खाली बसण्याचा दर फार वाढतो, विमानाला फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या झडपा) नाहीत, आणि तो दर मोडायला नाक खाली करून वेग घेण्याइतकी उंची हाताशी लागते. विमानाचे गुण सांगताना त्याची मर्यादा त्याच दमात सांगणारा शिक्षक मला नेहमी विश्वासाचा वाटतो.

उतरताना वारा डावीकडून तिरपा होता. पेडल नाहीत, त्यामुळे टेकण्याआधी नाक सरळ करता येत नाही. विमान खेकड्यासारखे तिरपेच येते आणि तसेच टेकते. मागची चाके लवचिक दांड्यांवर बसवलेली असल्याने ती तो धक्का पचवतात, आणि एका हिसक्यासरशी विमान धावपट्टीच्या रेषेत येते. मला आधी सांगितलेले होते, तरीही त्या हिसक्याला मी कड घट्ट धरली.

पहिली तक्रार वजनाची झाली; दुसरी तासाची. तास मोजला जातो तो इंजिन सुरू झाल्यापासून, त्यामुळे जमिनीवरची बारा-पंधरा मिनिटे त्यातच गेली आणि प्रत्यक्ष आकाशात पाऊण तासच मिळाला. सगळीकडे अशीच रीत असेल, पण पैसे घेण्यापूर्वी ते सांगायला हवे. शिवाय कॅनॉपी उघडी असताना मायक्रोफोनमध्ये वारा शिरतो आणि बोलणे तुटक ऐकू येते. प्रशिक्षिकेला काही महत्त्वाचे सांगायचे असले की तिला आपले तावदान अर्धे वर ओढावे लागे. मायक्रोफोनवर स्पंजची जाड टोपी घातली असती तर हे बरेच कमी झाले असते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येते, त्यासाठी चष्मा न वापरणाऱ्यांना गॉगल द्यायला हवा होता, तोही नव्हता.

कोणी विचारेल की याच पैशांत सर्वस्वी उघडे असे टायगर मॉथसारखे दुपंखी विमान का निवडू नये. टायगर मॉथ आपल्या हवाई दलानेही शिक्षणासाठी वापरले आहे आणि २०१२ साली दुरुस्त करून पुन्हा उडवलेही आहे. पण त्यात मुळात कॅनॉपीच नसते, वारा थेट सोसावा लागतो, एकाच्या मागे एक बसावे लागते, आणि पेडल असल्याने माझ्यासारख्याला त्यात नुसते बसून यावे लागले असते. एर्कूपमध्ये प्रशिक्षक शेजारी असतो, थंडी वाजली तर तावदान वर घेता येते, आणि हातात चाक मिळते. तरुण, धडधाकट माणसाला दुपंखी विमान अधिक आवडेल हे मी मान्य करतो. साठीपुढच्यांना मी एर्कूपच सुचवीन.

जायचे असल्यास वेळ घेतानाच स्वतःचे वजन सांगावे आणि प्रशिक्षकाचे विचारावे, त्यात संकोच करू नये. विमान खरोखर बिनपेडलचे आहे का हेही विचारावे, कारण काही एर्कूपना नंतर पेडल बसवलेली आहेत, आणि साठच्या दशकातल्या नंतरच्या आवृत्तीत कुशीत उतरणाऱ्या तावदानांऐवजी मागे सरकणारी कॅनॉपी आहे. सकाळची वेळ मागावी, दुपारी धक्के वाढतात. खिशातला मोबाइल, कागद, टोपी यांतले काहीही सुटे ठेवू नये. कडेपलीकडे गेलेली वस्तू शेपटीवर आदळू शकते, म्हणून कॅमेराही मनगटाला बांधूनच घ्यावा.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, आणि तो सोहळा मी मुलाच्या घरी रात्री जागून पाहिला. नाशिकला परतल्यावर गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ओझरच्या मंडळींना मी दोन्ही गोष्टी एका बैठकीत सांगितल्या. माझ्याबरोबर त्याच शॉपमध्ये वीस वर्षे काम केलेल्या एका सहकाऱ्यांनी उड्डाणाविषयी एकच प्रश्न विचारला. "अहो, मग सीलला काय लावले होते?" मी म्हणालो, "नमदा." ते बराच वेळ मान हलवत चालत राहिले. जूनमध्ये ते मुलीकडे जाणार आहेत, वजन ७१ किलो आहे, आणि शाळेचा फोन क्रमांक त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आहे.